फ्यूज्ड ग्लासचा बाऊल शोकेसमध्ये ठेवलेला असताना आपोआप कसा तडकला?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईच्या साठीला हाताने बनवलेला काचेचा बाऊल घेतला, पाच महिने तो लातूरच्या घरी शोकेसमध्ये होता आणि एका रात्री टण्ण आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले. आई तेव्हापासून मनाला लावून बसल्यात. आधी त्यांना सांगा की यात अपशकुन काही नाही. तो बाऊल ज्या दिवशी भट्टीतून निघाला, त्याच दिवशी त्याच्यात हा दोष होता.

मी संभाजीनगरला घरीच छोटी विजेची भट्टी लावून हेच फ्यूज्ड ग्लासचं, म्हणजे काचा तापवून एकजीव करायचं, काम करते. यात काच फुंकत नाहीत. 3 मिलिमीटरच्या रंगीत काचा हिऱ्याने कापायच्या, एकावर एक रचायच्या आणि भट्टी साधारण 800 ते 815 अंशांपर्यंत न्यायची. तिथे सगळे थर एकजीव होतात. ती सपाट ताटली गार झाली की साच्यावर ठेवून पुन्हा 650-675 अंशांपर्यंत तापवायची. काच मऊ पडते आणि स्वतःच्याच वजनाने साच्यात बसते. बघणाऱ्याला वाटतं, झाला बाऊल.

खरं काम इथून पुढे असतं. काच गार होताना बाहेरची बाजू आधी आक्रसते, आतली अजून गरमच असते. घाई केली तर ही ओढाताण काचेत तशीच अडकून बसते. म्हणून काचेच्या जातीप्रमाणे 480 ते 510 अंशांच्या आसपास भट्टी थोपवून धरायची आणि तिथून हळूहळू उतरवायची. याला ॲनिलिंग म्हणतात. 90 नंबरच्या काचेला (हा नंबर काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा) मी 6 मिलिमीटर जाडीसाठी एक तास देते, 12 ला दोन तास. 25 मिलिमीटरचा तुकडा असेल तर चार तास, आणि त्यानंतर ताशी फक्त 15 अंशांनी खाली.

आपल्याकडे यातच घात होतो. एका मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि भट्टी नेमकी ॲनिलिंगला असताना लाईट गेली. भट्टी लहान, भराभर उतरली. सकाळी झाकण उघडलं तर ताटली अगदी देखणी, कुठे रेघसुद्धा नाही. मी ती नणंदेला दिली. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी तिच्या टेबलावर ती आपोआप फुटली. मला फार वाईट वाटलं, कारण तिच्या घरात लहान मूल रांगत होतं. तेव्हापासून मधे लाईट गेली की तो तुकडा मी पुन्हा सावकाश तापवून पूर्ण ॲनिलिंग करते, मगच घराबाहेर जाऊ देते. असा ताण पुन्हा तापवून काढता येतो.

दुसरं कारण असेल तर मात्र इलाज नाही. प्रत्येक काच तापल्यावर सारखी प्रसरण पावत नाही. या कामाच्या काचा 90 आणि 96 अशा नंबरांनी ओळखतात आणि हे दोन नंबर एकमेकांत मिसळायचे नसतात. खिडकीची काच, बाटलीची काच यांची जात आणखी वेगळी. स्वस्तात पडावं म्हणून कुणी काचवाल्याकडचे तुकडे आणि रंगीत बाटल्या एकत्र वितळवल्या, तर वितळतात छान, पण गार होताना एक जास्त आक्रसते, दुसरी कमी. ती भांडणं ॲनिलिंगने मिटत नाहीत.

आता तुमचे तुकडे उजेडात धरा. तडा एखाद्या रंगीत पानाच्या किंवा ठिपक्याच्या कडेकडेने गेला असेल तर बहुतेक काचा न जुळणाऱ्या होत्या. नक्षीची पर्वा न करता आरपार गेला असेल तर ॲनिलिंग कमी पडलं असावं.

पुढच्या वेळी घेताना एक करून बघा. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मधे बाऊल धरा. काच पारदर्शक असेल आणि रंगीत तुकड्यांभोवती उजळ कडं दिसलं, तर तिथे ताण आहे. विकणाऱ्याला पडताळा दाखवायला सांगायची लाज बाळगू नका. आणि चांगला बाऊल असला तरी त्यात गरम भजी काढू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच.

आईंना काचेवरचा विश्वास परत यावा असं वाटत असेल तर एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला घेऊन जा, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जुन्या तगर नगरीतल्या, म्हणजे प्राचीन तेरमधल्या, वस्तू आहेत. तेरच्या मातीतून काचेचे मणीही निघालेत, सातवाहनांच्या काळातले. दोन हजार वर्षं जमिनीत राहून ते शाबूत आहेत.

तुकडे टाकून देऊ नका. तड्याचा जवळून काढलेला फोटो इथेच टाका, बघून सांगते. दोष नुसत्या ॲनिलिंगचा निघाला तर ते तुकडे पुन्हा वितळवून आईंसाठी छोटी ताटली करता येईल.