धार नसलेल्या तलवारी, पंचनामा आणि आमचा अनुभव

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. शिवजयंतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या मुलांसाठी नेलेल्या तलवारी नाक्यावर उतरवून घेतल्या, "धार नाही हो" असं सांगूनही कुणी ऐकलं नाही, आणि आता गुन्हा नोंदवतील का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या आखाड्यावर काही वर्षांपूर्वी नेमकी हीच वेळ आली होती. आयोजकांचं पत्र, पोलीस ठाण्यातला अर्ज वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. मी वकील नाही. मर्दानी खेळ शिकवतो आणि आखाड्याचं साहित्य सांभाळतो. त्यामुळे हे वाचून झालं की वकील गाठाच.

आमच्या टेम्पोत मखमली म्यानातल्या, पितळी मुठीच्या तलवारी होत्या. शिवाय गोणपाटात गुंडाळलेले दांडपट्टे, विटा (दोरी बांधलेला भाला, त्याचं फळ म्हणजे टोकाचं पातं काढून ठेवलेलं), लाठ्या आणि सीटखाली ड्रायव्हरचा कोयता. उतरवल्या फक्त तलवारी. पट्ट्याचं पातं लवचिक असतं, गोणपाटात ते पत्र्याची पट्टी वाटलं असावं. विटा काठीत खपला. त्या गाडीत खरी धार एकट्या कोयत्याला होती आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हर शेतातून आला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण तोच कोयता पुण्यात दुचाकीवरच्या दोन पोरांकडे सापडला असता तर दुसऱ्या दिवशी पेपरात 'कोयता गँग' म्हणून बातमी आली असती.

कायदा मात्र नुसत्या दिसण्यावर चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेल्या वस्तू येतात. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. खेळण्यापलीकडे ज्यांचा उपयोगच नाही आणि ज्यांचं कामाचं शस्त्र करता येत नाही, अशाही वगळल्या आहेत. यातली शेवटची अट नीट वाचा. पोलादी पातं आज बोथट असलं तरी उद्या त्याला धार लावता येते, म्हणून "बोथट आहे" एवढ्यावर सुटका होईलच असं नाही. लाकडी किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याची बाजू जास्त भक्कम, असं माझं मत. शस्त्र नियमांच्या यादीत तलवार नावानिशी आहे. तशाच इतर हत्यारांसाठी ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं हे माप दिलंय. अशा हत्यारांना परवाना लागतो असं सांगणारं शस्त्र अधिनियमाचं कलम ४ मात्र सरकारी अधिसूचनेवर उभं आहे, तेव्हा तुमच्या भागाला लागू असलेली अधिसूचना वकिलाला आधी बघायला सांगा.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश ही वेगळी गोष्ट. सणासुदीच्या, मिरवणुकांच्या काळात तो निघतो आणि त्यात काठ्या-लाठ्यासुद्धा येतात. तिथे धार आहे की नाही यावर वाद घालून फारसं काही हाती लागत नाही. त्या तारखेला तुमच्या हद्दीत आदेश होता का, हे आजच विचारून घ्या.

आता आमचं जे खरं नुकसान झालं ते सांगतो. ज्या ठाण्यात माल जमा झाला (नाव लिहीत नाही), तिथल्या पंचनाम्यात "धारदार तलवारी" असं लिहिलं गेलं. पंचांनी पात्यावरून बोट फिरवलं नाही, कागद कापून बघितला नाही. म्यान, मूठ आणि चकाकी बघितली आणि सह्या केल्या. वर तलवारी टेबलावर ओळीने मांडून फोटो काढला, तो स्थानिक पेपरात 'शस्त्रसाठा' म्हणून छापून आला. गाडीसोबत असलेला आमचा पोरगा तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धावायला जाणारं, व्यसन नसलेलं पोर. चारित्र्य पडताळणीच्या वेळी हे प्रकरण निघालं आणि खुलासे देता देता त्याची ती भरती गेली. आम्ही वारंवार सांगत होतो, धार तपासा, लोहाराला बोलवा. उत्तर एकच : जे काय ते कोर्टात सांगा. आजही त्याची आई समोर आली की मला बोलायला सुचत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पंचनाम्याची प्रत आधी मिळवा. धातू कोणता, लांबी-रुंदी किती, धार आहे का, हे त्यात नसेल तर लेखी अर्ज देऊन तपासणी मागा आणि पोच घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवं. ते झालंय का विचारा. माल परत मिळवायला प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे त्याप्रमाणे याच संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. मुद्देमाल ठाण्यात विनाकारण अडकवून ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय. वकिलाला त्याची आठवण करून द्या.

१९ फेब्रुवारी २०२४ ला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला. छाती भरून आली तेव्हा. पण तोच दांडपट्टा घेऊन मुलं एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना काय दाखवायचं, याचा साधा एका पानाचा नमुना तरी सरकारने आखाड्यांना द्यावा. एकीकडे गौरव करायचा आणि दुसरीकडे नाक्यावर पोरांना गुन्हेगारासारखं रांगेत उभं करायचं, याने हा खेळ टिकणार नाही. आईबाप पोरांना पाठवणार नाहीत.

पुढच्या वेळी म्यानं वेगळ्या पेटीत न्या, पाती कापडात बांधून त्यांचे फोटो आणि मापं कागदावर सोबत ठेवा. हे पोलिसांपासून लपवण्यासाठी मुळीच नाही, उलट गाडी थांबली की पेटी आपणहून उघडून दाखवा. आणि तलवारी परत मिळाल्या की त्याच दिवशी म्यानातून बाहेर काढा. मुद्देमालाच्या खोलीत ओल असते. आमची पाती मखमलीला चिकटून गंजली होती. घासलेट लावून पुसायचं, मग मशीन ऑइलचा हात द्यायचा.