बफर ‘विस्कळीत’ नसतात. आणि ‘वेचणे’ एक नाही, दोन आहेत

प्रश्न इंदूरच्याच एका तरुणाचा आहे. दिवसा डिव्हाइस ड्रायव्हर (संगणकाला जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) लिहितो, रविवारी चार मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम मराठीतून शिकवतो. विचारतो, ‘काका, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मेमरीत ठिकठिकाणी पडलेल्या बफरांची एक यादी असते, स्कॅटरलिस्ट. तिला “विस्कळीत स्मृतिकोश सूची” म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार. ‘स्मृतिकोश’ सोडूनच देऊ, बफर म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा, तिला बफरच म्हणा. माझं भांडण ‘विस्कळीत’शी आहे. पाऊस पडला की जनजीवन विस्कळीत, गाडी रखडली की वेळापत्रक विस्कळीत, आता हेही. विस्कळीत म्हणजे घडी मोडलेली, ताळमेळ सुटलेला. इथे तर क्रम शाबूत ठेवण्यासाठीच सगळा खटाटोप! माझी भाची याच कामात आहे. तिने जुन्या डायरीची पानं सुटी करून लोकमान्य नगरातल्या आमच्या ओसरीभर टाकली आणि समजावलं: प्रोग्रॅमला ६४ केबीचा सलग पट्टा दिसतो, प्रत्यक्षात ती ४०९६ बाइटांची सोळा पानं, रॅममध्ये कुठेही असलेली. नेटवर्क कार्डाला डीएमए करायचं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचायचं-लिहायचं, तर पान खरोखर कुठे आहे तो पत्ता लागतो. म्हणून कर्नल यादी करतो: कोणतं पान, पानात कुठून, किती बाइट. पानं ओसरीभर, पण यादीत पहिल्यानंतर दुसरंच. याला विखुरलेले म्हणा. (आणि ‘बिखरलेले’ नको. आपल्या इंदुरी घरांत ‘कपडे बिखरलेत’ ऐकून कान किटले.)

कोणी म्हणेल, विस्कळीत आला ‘विशकलित’वरून, शकल म्हणजे तुकडा, मग तुकड्यांना का नको? ठाऊक आहे. एरवी व्युत्पत्तीचा झेंडा मीच नाचवतो, पण आज ऐकणाऱ्याच्या कानात तुकडा नाही, गोंधळ वाजतो.

आता खरी मजा. या तंत्राचं पूर्ण नाव स्कॅटर-गॅदर. डेटा आत येताना तुकड्यांत विखरायचा, बाहेर जाताना त्याच तुकड्यांतून गोळा करायचा. यादी तीच; दिशा कोणती ते ड्रायव्हर वेगळं सांगतो. मराठीत असं दोन्हीकडे चालणारं क्रियापद आहे का? आहे: वेचणे.

फुलं वेचणे, शेंगा वेचणे हा अर्थ सांगायला मी नको. तो ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘चि’ हा धातू यांचा, संस्कृत विचयनातला. पण ‘समाजासाठी आयुष्य वेचलं’ यात काय गोळा केलं? काहीच नाही, खर्चलं! हा वेच ‘व्यय’ातून आला. कुंडलीतलं व्ययस्थान तेच. तुकोबा स्वच्छ सांगतात, ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी’. जोडायचं आणि मग वेचायचं. श्रद्धांजलीच्या सभेत एका वक्त्याने ‘क्षण न् क्षण फुलासारखा वेचला’ म्हटलं, तेव्हा मी शेजारच्याला कोपर मारलं होतं.

ग्वाल्हेरचे माझे एक स्नेही हट्टाने म्हणतात की दोन्ही ‘वेचणे’ एकच. एकेक नाणं वेचून द्यायचं म्हणून खर्च. सुंदर कथा, पण कथाच. मग ‘वेच’ हे खर्चाचं नाम व्ययाच्या इतकं जवळ कसं, याला त्यांच्याकडे उत्तर नाही. आवाज तेवढा चढतो. माझा तर पुढचा संशय आहे की हिंदीतला ‘बेचना’ याच व्ययाच्या घरचा. मालवा मिल चौकातला भाजीवाला ‘बेच रहा हूँ’ म्हणतो तेव्हा तो माल वेचतोच आहे, तुकोबांच्या अर्थाने: हातातून सोडतो आहे. स्नेह्यांना हे लिहून कळवलं. दीड महिना झाला, पत्र नाही.

हां, यादी. ‘वेचयादी’ म्हणा. भाचीला आवडला, आणि तिने एक खाच दाखवली. आयओएमएमयू (उपकरणांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारा हार्डवेअरचा भाग) असेल तर तो शेजारचे तुकडे जोडून टाकतो; सोळा दिलेत तर कार्डापुढे अकराच येऊ शकतात. कार्डाला पत्ते देताना फिरायचं अकरांवरच, पण काम झाल्यावर मॅपिंग (कार्डासाठी लावून दिलेले ते पत्ते) सोडवताना आकडा सोळाच सांगायचा. नवखे तिथेच चुकतात म्हणे. मी म्हटलं, मग आम्ही जोडले ते अकरा आणि वेचले ते सोळा. ती म्हणाली, ‘मामा, उलट झालं.’ कोणत्या वेचण्याने उलट, ते मी तिला विचारलं आहे.