वर्गणीआधी लायसन्स वाच

प्रिय मित्रा,

कन्सोर्टियमच्या, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या संघाच्या, सभासदत्वाबद्दलची तुझी टिप्पणी वाचली. वर्गणीचा आकडा पहिल्याच परिच्छेदात आणि लायसन्स थेट परिशिष्टात! हा क्रम उलटा कर. व्हिडिओ-भेटीचं खुलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कन्सोर्टियममध्ये आपल्या विद्यापीठाने जावं, असंच माझंही मत आहे. पण कुलसचिव विचारतील, "पैसे भरून हातात काय येणार?" तेव्हा "सभासदत्व" एवढं उत्तर पुरणार नाही.

असला प्रश्न मी पूर्वी एकदा जवळून पाहिलाय. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात होतो, तेव्हा आमच्याकडे सीयू-सीमी नावाचं व्हिडिओ-भेटीचं सॉफ्टवेअर चालायचं. तुझ्या पिढीला नावही ठाऊक नसेल. कॉर्नेल विद्यापीठात टिम डॉर्सी आणि सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये मॅकिंटॉशसाठी लिहिलं, विंडोजवर ते १९९४ मध्ये आलं. आधी नुसतं चित्र, तेही करड्या रंगाच्या सोळा छटांत, १६० बाय १२० ठिपक्यांच्या खिडकीत. आवाजाची सोय मागाहून झाली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि जो चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा, ही त्यातली युक्ती. समोरच्याने मान वळवली की नाक आधी सरकायचं आणि कान जुन्याच जागी राहायचा. तरी आम्ही हरखून बघत बसायचो. भारतात व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला, त्यामुळे घरच्यांना हे दाखवायची हौस फोनवर वर्णन करून भागवावी लागायची.

त्याच सुमारास एमबोन होतं, म्हणजे इंटरनेटवर एकच चित्र अनेकांना पोचवणारं प्रायोगिक जाळं. तांत्रिकदृष्ट्या ते जास्त नेटकं, पण त्यासाठी वाटेतल्या राउटरांना (माहिती पुढे धाडणाऱ्या यंत्रांना) मल्टिकास्ट, म्हणजे एकाच प्रवाहाच्या प्रती वाटेतच काढणं, यावं लागे आणि ते आपल्या हातात नसे. सीयू-सीमीने सरळ मार्ग धरला. एका युनिक्स मशीनवर रिफ्लेक्टर नावाचा प्रोग्रॅम चालवायचा. प्रत्येकाने आपलं चित्र तिथे एकदाच पाठवायचं, रिफ्लेक्टर त्याच्या प्रती काढून बाकी सगळ्यांना देणार. म्हणून तर शाळासुद्धा यात उतरू शकल्या. १९९३ मध्ये एनएसएफ या अमेरिकेच्या सरकारी विज्ञान-अनुदान संस्थेच्या पाठबळावर शाळांना जोडणारा ग्लोबल स्कूलहाउस प्रकल्प उभा राहिला. नासाचं चित्रवाणी प्रक्षेपणही रिफ्लेक्टरांवरून लोक बघायचे. १९९४ मध्ये कनेक्टिक्सचा क्विककॅम हा गोल वेबकॅमेरा शंभर डॉलरच्या आसपास मिळायला लागला आणि गर्दी आणखी वाढली.

आता कागद-पेन्सिल घे. समज दहा जण आहेत आणि प्रत्येकाचं चित्र सेकंदाला ८० किलोबिटचं. रिफ्लेक्टरकडे येणार ८०० किलोबिट, पण बाहेर जाणार दहा गुणिले नऊ गुणिले ८०, म्हणजे सेकंदाला ७.२ मेगाबिट. तेव्हा संस्था भाड्याने घेत त्या टी-वन लाइनची क्षमता जेमतेम दीड मेगाबिट. माणसं दुप्पट झाली की बाहेर जाणारा बोजा चौपटीहून थोडा जास्त. सॉफ्टवेअर फुकट होतं, पण रिफ्लेक्टर ज्याच्या आवारात त्याची लाइन भरून जायची आणि तिथल्या नेटवर्कवाल्याच्या शिव्या खाव्या लागायच्या. आजचे व्हिडिओ-सर्व्हर जास्त हुशार आहेत, कोणाला कोणतं चित्र, कोणत्या दर्जाचं द्यायचं ते ठरवतात. पण प्रती वाटायचं काम तेच, आणि ते कोणाच्या तरी बिलावर चालतं.

म्हणून कन्सोर्टियमला पहिलं पत्र लिहिशील त्यात हे विचार: सर्व्हर कोण चालवतं, परीक्षेच्या मोसमात सगळे एकदम आले तर भार कोणावर, आणि आपण आपला सर्व्हर लावला तर वर्गणीत सूट मिळते का. "समाज मिळून सांभाळतो" असं गुळमुळीत उत्तर आलं तर पुन्हा विचार. समाजाच्या नावाने विजेचं बिल येत नाही.

लायसन्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तू तिथेच घाई केली आहेस. १९९५ मध्ये सीयू-सीमीचे व्यापारी हक्क न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट पाइन सॉफ्टवेअरकडे गेले. कंपनीने रंगीत आवृत्ती विकायला काढली, कॉर्नेलची मोफत आवृत्तीही काही काळ मिळत राहिली. यात कंपनीला खलनायक करायचं कारण नाही. रंग आणायला, विंडोजच्या दर नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला पगारी माणसं लागतात आणि ती अनुदानावर किती दिवस पोसणार? पण १९९६ मध्ये आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने व्हिडिओ-भेटीसाठी एच.३२३ हे सामाईक मानक मंजूर केलं, मायक्रोसॉफ्टने नेटमीटिंग हे आपलं व्हिडिओ-भेटीचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं, आणि बाजार फिरला. व्हाइट पाइनचं २००० मध्ये सीयूसीमी नेटवर्क्स झालं, २००१ मध्ये ती फर्स्ट व्हर्च्युअल कम्युनिकेशन्समध्ये मिसळली, आणि ती कंपनीही २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

अशा प्रवासात सभासदाच्या हाती काय उरतं, एवढंच तुला बघायचं आहे. सोर्स कोड कोणत्या लायसन्सखाली आहे? उद्या संचालक मंडळाने मत बदललं तर आज मिळालेला कोड आपल्याकडे राहतो ना? प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, लिहून ठेवलाय की तो दोघा-तिघांच्या डोक्यातच आहे? सॉफ्टवेअरचं नाव कोणाच्या मालकीचं? आणि आपल्या मुलांनी लिहिलेल्या कोडवरचे हक्क सही करून देऊन टाकायचे आहेत का? या शेवटच्या प्रश्नावर अडून बस. बाकीच्यांत थोडं इकडेतिकडे चालेल.

समितीत जागा मिळेल का, असं तू विचारलंस. मिळाली तर घे, पण तिच्या मागे लागू नकोस. आपल्याकडे जुने लॅपटॉप, डगमगणारं वायफाय आणि तालुक्यांच्या गावातून मोबाइल डेटावर बसणारे विद्यार्थी आहेत. परदेशातल्या सभासदांकडे नसलेली ही चाचणीची सोय आहे. एखाद्या विद्यार्थिनीला दर आवृत्ती त्यावर चालवून बघायला सांग, कुठे आवाज तुटला, माहितीचे किती तुकडे (पॅकेट) वाटेत गळाले, हे नोंदवून पाठवायला लाव. अशा नोंदी नेमाने आल्या की समितीवाले स्वतःहून फोन करतात.

करारनाम्याचा मसुदा आला की आधी मला पाठव. विधी विभागाच्या टेबलावर एकदा गेला की दिवाळीच्या आत खाली यायचा नाही.

तुझा,
सर