लॉजच्या जेवणातून शेवटच्या टोस्टआधी उठलं तर चालतं का?

नाही. बाकी काही चुकलं तरी कोणी मनावर घेणार नाही, पण टायलरचा, म्हणजे लॉजच्या दारावरच्या पहारेकऱ्याचा, शेवटचा टोस्ट होईपर्यंत खुर्ची सोडू नका.

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या फ्रीमेसनांच्या एका लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, तुमची नुकतीच दीक्षा झाली, आता दुसऱ्या लॉजमध्ये पाहुणे म्हणून जेवायला जायचंय, टोस्टची लांबलचक यादी पाहून धास्ती बसलीय, त्यात तुम्ही दारू घेत नाही, आणि शेवटची ट्रेन गाठायला मध्येच उठलं तर कसं दिसेल अशी चिंता आहे. इथवर साधा प्रश्न होता. पण पुढे तुम्ही म्हणता, एका पास्ट मास्टरने, म्हणजे लॉजच्या माजी अध्यक्षाने, सांगितलं की टायलरचा टोस्ट म्हणजे नुसती औपचारिकता, तोवर निम्मे लोक कोट चढवून गेलेले असतात. हे वाचलं आणि मला राहवलं नाही. अगदी हेच वाक्य मी आमच्या लॉजमध्ये ऐकलंय आणि त्यावरून माझं एका माणसाशी जे वाजलं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका लॉजचा बरीच वर्षं डीसी, म्हणजे डायरेक्टर ऑफ सेरेमनीज, होतो. फेस्टिव्ह बोर्डची, म्हणजे सभेनंतरच्या जेवणाची, घड्याळाशी बांधलेली सगळी कसरत डीसीच्या गळ्यात असते, त्यामुळे यादी मला तोंडपाठ आहे. आधी राजा आणि क्राफ्ट, म्हणजे आपली मेसनरी. मग सगळ्या लॉजांचे प्रमुख, ग्रँड मास्टर. मग प्रो ग्रँड मास्टर आणि बाकीचे ग्रँड ऑफिसर. मग प्रॉव्हिन्सचे, म्हणजे आपल्या विभागाचे, ग्रँड मास्टर आणि त्यांचे अधिकारी. मग आपल्या लॉजचे मास्टर, दीक्षा झाली असेल तर नवे ब्रदर, मग पाहुणे. एकेक पायरी खाली उतरत यादी जिथे संपते तिथे कुणाचंही पद नाही की नाव नाही. पृथ्वीच्या पाठीवर, जमिनीवर वा पाण्यावर, जिथे कुठे गरीब आणि संकटात सापडलेले मेसन असतील त्यांची दुःखं लवकर सरोत, आणि त्यांची इच्छा असेल तर ते सुखरूप मायदेशी परतोत. हा टोस्ट मास्टर देत नाहीत, ग्रँड ऑफिसर देत नाहीत. सभा चालू असताना बंद दाराबाहेर तलवार घेऊन उभा असतो तो टायलर देतो. माझं स्पष्ट मत आहे की बाकीची सगळी यादी या एका टोस्टपर्यंत पोचण्यासाठी आहे.

आता ती रात्र सांगतो. हिवाळा होता, दीक्षेची सभा होती. नवा मुलगा रिवाजाप्रमाणे मास्टरांच्या उजव्या हाताला बसलेला, गोंधळलेला पण खूश. सूप झालं आणि वाइन-टेकिंग, म्हणजे मास्टरांनी नाव पुकारून एकेकाबरोबर घोट घेणं, सुरू झालं. मास्टर त्यांच्या हाताखालच्या दोन वॉर्डनांबरोबर वाइन घेणार, गॅव्हलचा, म्हणजे लाकडी हातोडीचा, ठोका. ग्रँड ऑफिसरांबरोबर घेणार, गॅव्हल. प्रॉव्हिन्सच्या अधिकाऱ्यांबरोबर, पाहुण्यांबरोबर, नव्या ब्रदरबरोबर, त्याला सुचवणाऱ्याबरोबर, मग ज्यांची दीक्षा याच लॉजमध्ये झाली त्यांच्याबरोबर. दर वेळी सीनियर वॉर्डन पश्चिमेकडून ठोकणार, ज्युनियर वॉर्डन ठोकणार, मी उभा राहून पुकारणार. ताटातलं गार होत होतं. ही फर्माईश मास्टरांची नव्हती. वरच्या टेबलावर बसलेले आमचे एक ज्येष्ठ पास्ट मास्टर कानाशी लागून एकेक नाव वाढवत होते.

पुढे पाहुण्यांचा टोस्ट मांडायला तेच उभे राहिले. बोलले, बोलले, जुने किस्से सांगितले, टाळ्या घेतल्या. त्याला उत्तर देणारा पाहुणाही तितकाच लांबला. एन्टर्ड अप्रेंटिसचं, म्हणजे नव्याने दीक्षा घेतलेल्याचं, गाणं झालं ते मात्र सुरेख झालं. मॅथ्यू बर्कहेड या नटाचं हे गाणं मेसनांच्या नियमांच्या १७२३ च्या पुस्तकात, कॉन्स्टिट्यूशन्समध्ये, छापलेलं आहे. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी हात गुंफून गोल केला, तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि गाणं संपतं न संपतं तोच पास्ट मास्टर उठले, चार पाहुणे त्यांच्या गाडीतून आलेले, त्यांना खूण केली, जाता जाता मला म्हणाले, "आता काय, टायलरच राहिलाय." त्यांच्यामागे आणखी दोन टेबलं हलली.

आमचा टायलर म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. गुडघे गेलेले. दारू कधीच सोडलेली. सभेचा सगळा वेळ तो कोट टांगायच्या खुंट्या आणि बाहेरचं दार यांच्यामधल्या बोळात उभा असतो, आणि त्या बोळात हीटर नाही. दाराजवळच्या खुर्चीवरून उठून तो मास्टरांच्या शेजारी आला. हातात त्याचा स्वतःचा फायरिंग ग्लास, आखूड दांडीचा, बोटभर जाड बुडाचा, काचेवर गुण्या-कंपास कोरलेला, बुडाशी एक टवका उडालेला. त्यात पाणी. ग्लास नीट धरून तो रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेकडे बघत थांबला. मग एकही शब्द न गाळता, घाई न करता पूर्ण टोस्ट म्हणाला. आम्ही उरलेल्यांनी फायर, म्हणजे टोस्टनंतरची ठेक्यातली सलामी, दिली. पॉइंट, लेफ्ट, राइट असं तीनदा आणि मग एकच ठोका. हॉल भरलेला असला की तो ठोका तोफेसारखा एक येतो. त्या रात्री तो इकडून-तिकडून सुटासुटा आला. नवा मुलगा माझ्याकडे बघत होता, आपण उभं राहायचं होतं की नव्हतं हे त्याला कळेना. पहिल्याच रात्री तो जे शिकायला नको ते शिकला, आणि माझा संताप त्याच्यासाठी होता.

लॉज कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. पास्ट मास्टर म्हणाले, लोकांना घरदार आहे, सकाळी कामं आहेत, उशीर होतो म्हणून तरुण मंडळी येत नाहीत. उपाय त्यांनी सुचवला तो असा की टायलरचा टोस्ट पुढे आणून नऊच्या टोस्टला जोडून टाकावा. नऊचा टोस्ट तुम्हाला माहीत असेलच, काटे काटकोनात आले की गैरहजर बंधूंची आठवण. मी म्हटलं, म्हणजे मग जेवणाचा शेवट कशावर होणार? पाहुण्यांनी आपली स्तुती करायची आणि आपण त्यांची, यावर? उशीर टायलरमुळे होत नाही. त्याला एक मिनिट लागतं. उशीर वाइन-टेकिंगने होतो आणि तुमच्या भाषणाने होतो. हे मी तोंडावर सांगितलं आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही.

त्यावर ते म्हणाले, "तू बाहेरून आलास, म्हणून तुला या शब्दांचं एवढं अप्रूप."

अप्रूप आहेच. या देशात नवा होतो, तिकिटाचे पैसे जमवून घरी जायचं होतं आणि ते जमत नव्हते, त्या दिवसांत हा टोस्ट मी पहिल्यांदा ऐकला. ज्याला परत जावंसं वाटतं त्याला सुखरूप जाता येवो, असं एका भरल्या हॉलने माझ्यासारख्यासाठी उभं राहून म्हटलं होतं. पण ही काही माझी एकट्याची हळवी गोष्ट नाही. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच अधिकारी ॲशबी-द-ला-झूशसारख्या इंग्रजी गावांत पॅरोलवर, म्हणजे पळून न जाण्याच्या वचनावर, ठेवले होते, तिथे त्यांनी आपले लॉज भरवले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी बंदिवासातही मेसन लपूनछपून जमत होते. अशा ठिकाणी मायदेशी परतण्याची गोष्ट औपचारिकता वाटली असेल का कुणाला?

आणि टायलरला खालच्या पायरीवर बसवणाऱ्यांनी अँथनी सेयर आठवावा. २४ जून १७१७ ला लंडनमध्ये सेंट पॉल्सच्या आवारातल्या गूस अँड ग्रिडायरन या दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आले आणि त्यांनी पहिला ग्रँड मास्टर निवडला तो हाच. पुढे त्याचे दिवस फिरले. त्याने ग्रँड लॉजकडे, म्हणजे लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेकडे, मदतीसाठी अर्ज केला, १७३० मध्ये त्याला १५ पौंड मंजूर झाले, आणि उतारवयात तो ओल्ड किंग्ज आर्म्स लॉजचा टायलर म्हणून दाराबाहेर उभा राहिला. म्हणजे टोस्टच्या यादीचं वरचं टोक आणि खालचं टोक एकाच माणसाने पाहिलं. मी हे कमिटीत सांगितलं, तेव्हा पास्ट मास्टर म्हणाले की इतिहासाचा तास नको. मला तो हवा आहे. कॉन्स्टिट्यूशन्स लिहिणाऱ्या अँडरसनने १७३८ च्या आवृत्तीत नोंदवून ठेवलंय की डेझागुलिए १७१९ मध्ये ग्रँड मास्टर झाले तेव्हा त्यांनी मेसनांचे जुने खास टोस्ट पुन्हा सुरू केले. तेव्हाही कोणीतरी ते सोडून दिले होतेच, आणि कोणालातरी ते परत आणावेसे वाटले. त्या काळी सभा आणि जेवण एकाच खोलीत व्हायचं, जमिनीवर खडू-कोळशाने लॉजची आकृती काढायची आणि काम झालं की फडक्याने पुसायची, आणि ती आकृती काढणारा बहुतेक टायलरच असे. तो उपाशी असताना भरल्या पंगतीतून हात धुऊन निघून जाणं आणि त्याच्या टोस्टआधी कोट चढवणं, मला दोन्ही सारखंच वाटतं.

शेवटी आमच्याकडे वाइन-टेकिंग छाटलं. वॉर्डन, नवे ब्रदर आणि एकदाच उरलेले सगळे, बस. टायलरचा टोस्ट जागचा हलला नाही. पास्ट मास्टर अजूनही लवकर उठतात. आमचं बोलणं आहे, पण टेबलाच्या दोन टोकांना बसून.

तुमचे बाकीचे प्रश्न. पाणी चालतं, ज्यूस चालतो, आमचा टायलर कित्येक वर्षं पाण्यानेच देत आलाय. पाण्याने टोस्ट दिला तर अपमान होतो असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ग्लास मात्र रिकामा नको, कारण मास्टर वॉर्डनांना विचारतात की ग्लास भरलेत का, आणि पश्चिमेकडून, दक्षिणेकडून होकार जातो. वाइन-टेकिंगला ज्यांचं नाव पुकारलं तेवढ्यांनीच उभं राहायचं, टोस्टला सगळ्यांनी. फायरचा ठेका लॉजगणिक थोडा बदलतो, ग्लासाने देतात, बऱ्याच ठिकाणी आता नुसत्या हातांनी देतात, तेव्हा पहिल्या टोस्टला डीसीच्या हातांकडे बघा आणि अर्धा क्षण मागे राहिलात तरी हरकत नाही. फ्रेंच लॉजमध्ये गेलात तर ग्लासाला तोफ आणि वाइनला बारूद म्हणतात, तिथला थाट वेगळा. स्कॉटिश, आयरिश, अमेरिकन लॉजमध्येही पद्धती निराळ्या असतात, आणि कधी टायलर जेवायला थांबत नसेल तर त्याचा टोस्ट दुसरा कोणी देतो. मी सांगतोय ते इंग्लिश कॉन्स्टिट्यूशनपुरतं, म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालच्या लॉजांपुरतं.

ट्रेनचं म्हणाल तर, खरंच शेवटची असेल, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर जा. स्वयंपाकघरातल्या लोकांनाही घरी जायचं असतं, आणि तेवढ्यापुरतं त्या पास्ट मास्टरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण आदल्या दिवशी सेक्रेटरीला फोन करून जेवण किती वाजता आटोपतं ते विचारा, कोणाच्या गाडीतून स्टेशनपर्यंत सोय होते का बघा. बहुतेक वेळा होते. तरीही उठावं लागलं तर डीसीला आधीच सांगून ठेवा, तो मास्टरांच्या कानावर घालेल, आणि दोन टोस्टच्या मधे उठा, भाषणाच्या मधे नाही. जाताना दाराजवळ बसलेल्या टायलरशी हात मिळवून, उशीर होतोय म्हणून निघतोय एवढं त्याला सांगून जा.

आणि पाहुण्यांच्या वतीने उत्तर द्यायला तुम्हालाच उभं केलं, तर मास्टरांचे आभार, स्वयंपाकघराचे आभार, आजच्या कामातली आवडलेली एक गोष्ट, आणि खाली बसा. तेवढी मिनिटं टायलरच्या वाट्याला राहू द्या.