गाडी कोण चालवत होतं, ते नाव बदलू नका

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय ३१. पावसाळ्यात एका शनिवारी आमचा मोटारसायकलींचा ग्रुप राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने मालवणला निघाला. निघताना ग्रुपच्या प्रमुखाने ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फॉर्म भरून घेतला. माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मित्राची घेतली. मागे मावसभाऊ बसला होता. भोगावतीला पंक्चर झालं, दाजीपूरच्या अलीकडे क्लचची केबल तुटली, ग्रुप पुढे गेला. आमच्यासोबत फक्त शेवटी राहणारा स्वीप होता. घाटात वळणावर चढून येणारी पिकअप आमच्या बाजूला आली. मी ब्रेक मारला, गाडी घसरली आणि पिकअपच्या बंपरवर आदळली. भावाची नडगी मोडली. त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. पिकअपवाल्याने पाच हजार दिले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असा कागद केला, त्यावर मी सही केली. कणकवलीच्या सरकारी दवाखान्यात प्रथमोपचार आणि कोल्हापुरात ऑपरेशन झालं, खर्च दोन लाखांवर गेला. पोलिसांत कोणीच गेलं नाही. आता अडीच महिने झालेत. मित्राने विमा कंपनीला बारा दिवसांनी कळवलं. कंपनी उशिराचं कारण आणि चालकाचं नाव लेखी मागतेय. मित्र म्हणतो, ‘चालक म्हणून माझंच नाव लिहू, नाहीतर क्लेम बाद होईल.’ त्यात हेल्मेटचं ई-चलान आलंय आणि मावशीच्या घरी कोणी माझ्याशी बोलत नाही. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी मित्राला आजच फोन करा आणि चालक म्हणून त्याचं नाव लिहिलेलं उत्तर विमा कंपनीकडे जाऊ देऊ नका. बाकीचं सगळं निस्तरता येण्यासारखं आहे. चालकाचं खोटं नाव एकदा लेखी गेलं की ते निस्तरणं फार अवघड होतं.

मित्राची भीती मुळातच चुकीची आहे. दुचाकीच्या पॉलिसीत मालकाच्या परवानगीने चालवणारा आणि वैध लायसन्स असलेला कोणीही चालक चालतो. तुमच्या लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे आणि अपघाताच्या दिवशी ते चालू होतं, एवढं तपासा. गाडी भाड्याने घेतली नव्हती ना? तुम्ही पेट्रोल टाकलं असेल तर त्याला भाडं म्हणत नाहीत. मग ‘दुसरा चालवत होता’ एवढ्याच कारणाने गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारता येत नाही. उलट खोटं नाव दिलं, तर मिळणारा क्लेमही कंपनी फसवणुकीच्या कारणाने बाद करू शकते. शिवाय हे खोटं टिकणार कुठे? कणकवलीच्या दवाखान्यात अपघाताची हकिगत लिहून घेतलेली असणार. घाटातल्या कागदावर सही तुमची आहे. स्वीपने सगळं पाहिलंय. उद्या भावाच्या भरपाईच्या दाव्यात मित्राला शपथेवर तेच सांगावं लागलं, तर न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तुमच्यावरच्या प्रेमापोटी तो हे करायला निघाला असेल, पण त्याला यात ढकलू नका.

उशिराचं कारण खरं तेच लिहा : जखमी नातेवाईक, ऑपरेशन, धावपळ. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं विमा नियामकाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे. त्याचा उल्लेख उत्तरात करा. तरीही नाकारलाच, तर मित्राला पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आता भावाचं. खरं महत्त्वाचं प्रकरण हे आहे, आणि तुमच्या पत्रात त्याला सगळ्यात कमी ओळी आहेत.

घाटात सही केलेल्या त्या कागदाची तुम्हाला लाज वाटतेय. तुम्ही पाठवलेला त्याचा फोटो मी नीट पाहिला. त्यावर पिकअपचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, त्याची सही, तारीख आणि ठिकाण आहे. भावाची सही नाही. तुमच्या सहीने भावाचा भरपाईचा हक्क जात नाही. उलट ती पिकअप तिथे होती आणि अपघात झाला, हे आता तिच्या मालकाला सहजासहजी नाकारता येणार नाही. मूळ कागद जपून ठेवा, लॅमिनेट करू नका. पाच हजार घेतल्याचंही लपवू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघाताची खबर २४ तासांत पोलिसांना द्यायची असते. ते राहिलं. पण राहिलं म्हणून कायमचं गप्प बसणं हा त्यावरचा उपाय नाही. भावाने फिर्याद द्यावी. कणकवलीला जाणं त्याला शक्य नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे ती कोल्हापुरातल्या पोलीस ठाण्यातही देता येते, तिथून ती हद्दीच्या ठाण्याकडे जाते. कणकवलीच्या दवाखान्यातून एमएलसीची, म्हणजे अपघाताच्या जखमांच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची, नक्कल मिळवा. उशिरा दिलेल्या फिर्यादीला तिचाच आधार असतो.

भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३) सांगतं. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात साडेतीन महिने आहेत. अपघात सिंधुदुर्गात झाला असला तरी अर्जदार जिथे राहतो तिथे, म्हणजे कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो. पुढे अपिलाची वेळ आली तरी मुंबई गाठायला नको. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू आहे.

समोरचा वकील म्हणेल, चूक मोटारसायकलवाल्याची होती. म्हणू दे. मागे बसलेल्याचा स्वतःचा काही दोष नसतो. दोन वाहनांची मिळून चूक असली, तरी तो पूर्ण भरपाई कोणत्याही एका बाजूकडून मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘खेन्येई’ प्रकरणात सांगितलंय. हेल्मेटचा मुद्दाही निघेल. मोडली नडगी, आणि हेल्मेटने नडगी वाचत नाही. नियम मोडला म्हणून आपोआप भरपाई कापता येत नाही, त्याचा इजेशी किंवा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. चलान भरून टाका, ते वेगळं प्रकरण आहे. मात्र यापुढे मागच्या माणसालाही हेल्मेट घातल्याशिवाय घाटात नेऊ नका. पाय मोडला तो बरा होईल. डोक्याचं तसं नसतं.

मित्राची पॉलिसी कोणती आहे तेही पाहा. नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याला तिच्यातून सहसा काही मिळत नाही. पॅकेज, म्हणजे लोक जिला फुल इन्शुरन्स म्हणतात, ती असेल तर तो तिच्यात धरला जातो. तुमचं मात्र वेगळं आहे. मागून घेतलेली गाडी तुम्हीच चालवत होतात, त्यामुळे तुम्हाला लागलं असेल तर भरपाई पिकअपच्या विम्याकडून मागायची, मित्राच्या नाही.

ग्रुपच्या प्रमुखाने ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फॉर्म भरून घेतला म्हणून तुम्ही चिडला असाल. त्याच्या मागे लागू नका, त्याने पिकअप चालवलेली नाही. त्याच्याकडून स्वीपचा नंबर घ्या. स्वीपच्या हेल्मेटवर कॅमेरा असेल तर मूळ फाईल मेमरी कार्डासकट सांभाळायला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली क्लिप तपशील गमावून येते. शिवाय पुराव्यात व्हिडिओ देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. पंक्चर आणि केबलचे पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या नोंदीही काढा. गाडी दुरुस्त करूनच पुढे निघालात, हे त्यातून दिसेल.

शेवटचं काम तुम्हालाच करायचंय, वकिलाला नाही. भावाच्या अर्जात पिकअपचा मालक, ड्रायव्हर आणि त्यांच्या विमा कंपनीसोबत तुम्हाला आणि मित्रालाही सामनेवाले करावं लागू शकतं. हे मावशीच्या घरी समन्स घेऊन आलेल्या बेलिफाकडून कळायला नको. या रविवारी जा, भावाच्या शेजारी बसा आणि सांगा, ‘माझं नाव घाल, मी खरं तेच सांगणार आहे.’ जाताना ऑपरेशनची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि बुडालेल्या पगाराचे कागद ठेवायला एक फाईलही घेऊन जा.