चार फुटी टाकीत एंजल, निऑन टेट्रा आणि गोल्डफिश एकत्र ठेवू का?

एकत्र नका ठेवू. 250 लिटरची टाकी असली तरी गोल्डफिशला गार पाणी मानवतं, बाकी दोघांना 25-26 अंश लागतात. आणि एंजल मोठा झाला की निऑन त्याचा घासच! माझ्याकडे एका सकाळी अकरापैकी सहाच उरले होते, एंजलचं पोट टम्म.

एंजलच हवेत ना? मग सोबत सहा-आठ काँगो टेट्रा (निऑनपेक्षा बरेच मोठे, एंजलच्या घासात मावत नाहीत) आणि तळाला सहा कोरिडोरास (तळाशी फिरणारे छोटे मिशाळ मासे) सोडा. वाळू मात्र बारीक घ्या, खरखरीत खडीवर बिचाऱ्यांच्या मिशा झिजतात. टायगर बार्ब टाळाच, एंजलचे लांब पर कुरतडतो.

आधी माशांविना, चिमूटभर खाद्य टाकत, महिना-दीड महिना फिल्टर चालवा. अमोनिया, नायट्राइट (खाद्य कुजून पाण्यात तयार होणारी, माशांना घातक विषं) दोन्ही शून्यावर आले की मासे थोडेथोडे आणा, एंजल सगळ्यात शेवटी.