वाचकांचे प्रश्न : हवेवर थंड होणाऱ्या व्हॅनचे पत्रे

प्रश्न : माझी १९७१ची फोक्सवॅगन टाइप २ आहे, १६०० सीसी. इंजिन बांधून झालं, पण दोन वाकडे पत्रे उरले. मेकॅनिकच्या मते ते नसले तरी चालतं. ते कुठले? (मेलबर्न)

उत्तर : हे सिलिंडरच्या खाली, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या वर बसतात, दोन्ही बाजूंना एकेक. त्यांच्याशिवाय गाडी चालते, इंजिन मात्र लवकर संपतं. पंख्याची हवा दाबाने वरून येते. खाली पत्रा नसेल तर ती दोन सिलिंडरमधल्या फटीतून सरळ निसटते, खालच्या बाजूच्या फिन्सपर्यंत (गार करणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्यांपर्यंत) पोचतच नाही. सिलिंडर वरून गार, खालून तापलेला. मग त्याची गोलाई बिघडते, पिस्टनच्या रिंगा नीट टेकत नाहीत आणि इंजिन तेल खाऊ लागतं.

बसवायची खरी वेळ हेड (सिलिंडरच्या टोकावरचं झाकण) चढवण्याआधीची. आता हेड उतरवायचं नसेल तर रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा दांडा) आणि पुशरॉड काढा, कुठला पुशरॉड कुठला याची खूण ठेवा. जुन्या नळ्या चेपून बाहेर घ्या. पत्रे खालून स्टडवर (हेड धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टांवर) अडकवा. ढिले वाटले तर कडा किंचित वाकवा. हाताने हलणारा पत्रा पुढे खडखडतो आणि एक दिवस गळून पडतो. मग स्प्रिंगच्या सरकत्या नळ्या घाला. सील नवे नसतील तर या नळ्या मूळ नळ्यांपेक्षा लवकर गळतात. शेवटी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) गार इंजिनावर ०.१५ मिमी ठेवा. नळ्या बाहेर आहेत तोवर टॉर्च लावून हेडच्या फिन्समध्ये पाहा. ओतकामातलं जास्तीचं धातू वाट अडवून बसलेलं असेल तर बारीक कानशीने काढा.

प्रश्न : गोव्याच्या उकाड्यात थर्मोस्टॅट (तापमानानुसार झडपा उघडणारा-मिटणारा भाग) आणि पंख्याच्या घरातल्या झडपा काढून टाकल्या तर इंजिन गार राहील का? (म्हापसा)

उत्तर : नाही. उघड्या झडपा दोन्ही बाजूंना हवा वाटून देतात, त्यामुळे त्या काढल्याने तोटाच. थर्मोस्टॅट उजवीकडे, १ आणि २ नंबरच्या सिलिंडरखाली असतो. काढून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात सोडा. त्याची लांबी ४६ मिमी तरी व्हायला हवी. फुटलेला बेलोज (थर्मोस्टॅटचा लांबणारा घडीचा डबा) लांबलेलाच राहतो, म्हणजे झडपा उघड्याच. गंजून अडकलेली दांडी आणि झडपांचे सांधे मात्र जरूर तपासा.

उकाड्याला दोष देण्याआधी इंजिनाभोवतीचं रबर पाहा. ते फाटलं की खालची, सायलेन्सरकडची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. स्पार्क प्लगवरच्या रबरी टोप्या चपखल बसल्या आहेत ना? हीटरचे होज काढले असतील तर पंख्याच्या घराची ती दोन तोंडं बंद करा. उघडी राहिली तर सिलिंडरची हवा तिथून वाया जाते. हे सगळं नीट असल्याशिवाय जास्तीचा ऑइल कूलर घेऊ नका.

प्रश्न : पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला भुकटीचा रंग) केलेले इंजिनाचे पत्रे बसत नाहीत, भोकं जुळत नाहीत. (लेस्टर)

उत्तर : थर जाड झालाय. भोकांच्या आणि जोडांच्या कडांवरचा थर खरवडा, पत्रे ओढून-ताणून बसवू नका. सगळे ६ मिमीचे स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे लावा, मगच आवळा. एकेक पक्का करत गेलात तर शेवटचा हमखास अडतो. सगळं आवळल्यावर पंखा हाताने फिरवून पाहा. घासत असेल तर पंखा आणि मागची प्लेट यांत सुमारे २ मिमी अंतर राहील अशा शिम (पातळ चकत्या) घाला.